दक्षिण फ्रान्सची खेडी बघायची तर आधी दुपार सांभाळा

दक्षिण फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरात राहायला आल्यापासून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. कधी मावसभाऊ सहकुटुंब, कधी शाळेतली मैत्रीण, कधी आईच्या भिशीतल्या काकू. प्रत्येकाच्या फोनमध्ये एकच यादी असते: चार दिवस, बारा गावं, एक किल्ला आणि लॅव्हेंडरची शेतं. ही यादी मी आधी बंद करायला लावते. अशा फिरण्यात गाडीची काच तेवढी बघून होते. लॅव्हेंडर तर या भागातलं नव्हेच. व्हालांसोलचं ते प्रसिद्ध पठार प्रोव्हान्समध्ये, इथून अडीच-तीन तासांवर आहे, आणि तिथला बहर जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंतचा.

मी पाहुण्यांना जसं फिरवते, तसंच क्रमाने सांगते.

एकच खोरं निवडा

माझं ठरलेलं आहे: मोंपेलिएच्या पश्चिमेचं एरो नदीचं खोरं. मुक्काम क्लेर्मों-लेरो या बाजाराच्या गावात किंवा त्याच्या आसपास, चार रात्री, एकाच घरात. सालागू तलाव, मुरेझचे खडक, विलनव्हेट, सँ-गिलेम-ल-देझेर आणि पेझनास, सगळं तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. राहायला ‘जीत’ शोधा, म्हणजे स्वयंपाकघरासकट भाड्याचं घर. कुकर सोबत आणलात तर रात्रीच्या जेवणाची काळजी मिटते. जुलै-ऑगस्टमध्ये जीत बहुधा शनिवार ते शनिवार असंच मिळतं. म्हणून मे, जून किंवा सप्टेंबर गाठा. त्यातही सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार जमला तर सोन्याहून पिवळं, कारण त्या दोन दिवशी देशभर वारसा दिन असतात आणि एरवी कुलूपबंद असलेल्या कितीतरी जुन्या वास्तू उघडतात.

गाडी

गाडी लागतेच. मोंपेलिएहून क्लेर्मोंपर्यंत बस येते, पण गावागावांतून बसने फिरायचं तर अर्धा दिवस थांब्यावर जातो. आंतरराष्ट्रीय परवाना भारतातून निघतानाच आरटीओतून काढून आणा. गिअरची सवय नसेल तर ऑटोमॅटिक गाडी आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. क्लेर्मोंजवळून जाणाऱ्या ए-७५ महामार्गाला इथे टोल नाही.

एक नियम मात्र पाठ करा: दुसरी काही खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. तुम्ही गावाच्या मुख्य रस्त्यावर आहात आणि उजव्या हाताच्या बोळातून एखादा ट्रॅक्टर निघाला, तर हक्क त्या ट्रॅक्टरचा. रस्त्याच्या कडेला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची पिवळी पाटी दिसली तर हक्क तुमचा, त्याच पाटीवर काळी रेघ आली की तो संपला. चक्राकार चौकात आधीपासून आत असलेल्याला वाट द्यायची. लाल किनारीची गावाच्या नावाची पाटी लागली की तिथूनच ताशी ५० ची मर्यादा सुरू होते, वेगळी पाटी लावत नाहीत. आणि गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावरच ठेवा. जीपीएस दाखवतोय म्हणून जुन्या वस्तीत घुसू नका, तिथल्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत.

दुपार: इथेच सगळ्यांचं चुकतं

फ्रेंचमध्ये ‘मिदी’ म्हणजे दुपारचे बारा, आणि ‘मिदी’ म्हणजेच दक्षिण फ्रान्स. माध्यान्ही सूर्य दक्षिणेला असतो म्हणून दोन्हींना एकच शब्द. हा प्रदेश आपल्या नावाला जागतो. बारा वाजले की किराणा दुकान, पोस्ट, गावची कचेरी, पर्यटन कार्यालय, लहान संग्रहालय, एकामागून एक दारं लागतात. बेकरी साडेबारा-एकपर्यंत तग धरते. सगळं उघडायला दोन, तीन, कधी चार वाजतात. चालू असतं ते फक्त खानावळींचं स्वयंपाकघर, आणि तेही बारा ते दोन. दोन ही बंद व्हायची वेळ आहे, आत शिरायची नव्हे. दीडनंतर आलेल्याला बसवून घेतीलच याची खात्री नाही. त्यानंतर चूल पेटते ती संध्याकाळी सात-साडेसातला.

आपली सवय बरोबर याच्या उलट. सकाळी दहाला भरपेट नाश्ता, अकराला निघणं, दोन-अडीचला ‘आता जेवू या कुठेतरी’. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना मधुमेह. एका टेकडीवरच्या देखण्या गावात आम्ही दोन वाजून वीस मिनिटांनी पोहोचलो. एकुलत्या एका खानावळीत टेबलं पुसायचं काम चाललं होतं. मी विनवलं, वडिलांची प्रकृती सांगितली, पण आचारी घरी गेला होता. बेकरी बंद, दुकान बंद, चौकात चिटपाखरू नाही. बाबांचे हात थरथरायला लागले, घाम फुटला. आईच्या पर्समध्ये तिळाचे लाडू होते म्हणून निभावलं. ते गाव मला आजही धड आठवत नाही, बाबांचा चेहरा तेवढा आठवतो. तेव्हापासून माझ्या गाडीत लाडू, चिक्की आणि केळी कायम असतात. तुम्हीही ठेवा.

याला इथल्या लोकांचा आखडूपणा समजू नका. ज्या गावात दोनशे माणसं राहतात, तिथली खानावळ दोघं-तिघं मिळून चालवतात. त्यांनाही दुपारचे चार तास हवे असतात. ‘दक्षिणेत सगळं निवांत असतं, कधीही जा’ असा सल्ला ज्यांनी लिहिला, ते कधी तीन वाजता उपाशीपोटी तिथे उभे राहिलेले नाहीत.

म्हणून दिवसाची घडी अशी घाला. साडेआठला घर सोडा, नऊला गावात. सकाळचं ऊन तिरपं असतं, दगडाचा रंग खुलतो, गर्दी साडेदहानंतरची. चर्च असो की मठ, जे कुलपाआड जातं ते बाराच्या आत बघून घ्या. सव्वाबाराला टेबलावर बसा, जून ते ऑगस्टमध्ये आदल्या दिवशी फोन करूनच. दोन ते सहा पाण्याकाठी. सहाला पुन्हा उठून दुसरं गाव. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे सहानंतर तीन तास उजेड शिल्लक असतो, आणि दिवसभराच्या बसगाड्या तोवर परतलेल्या असतात. सोमवारी बरीच दुकानं आणि खानावळी बंद, रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळंच. सोमवार खडकांना आणि तलावाला द्या, त्यांना सुट्टी नसते.

आत शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणा, मग बाकीचं बोला. बोंजूरशिवाय थेट प्रश्न विचारणं इथे खरोखर उद्धटपणाचं मानतात.

शाकाहारी मंडळींनी ‘सलाड मागवलं म्हणजे झालं’ या सल्ल्यावर विसंबू नये. सलाडमध्ये आणि अंड्याचं सारण भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीत ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, सर्रास असतात. ‘व्हेजितारियाँ’ म्हटल्यावर मासा आणून ठेवणारेही भेटतात. त्यापेक्षा अख्खं वाक्य म्हणा: ‘झ न मान्ज नी व्हियान्द नी प्वासों’, मी मांसही खात नाही आणि मासेही नाही. मग ‘शेव्र शो’ विचारा. भाजलेल्या पावावर गरम बकरीचं चीज आणि खाली हिरवा पाला, पोटभरीचं असतं. ‘ऊन काराफ दो’ म्हटलं की साधं पाणी फुकट येतं.

सगळ्यांत निर्धास्त दुपार आठवडी बाजाराची. क्लेर्मोंचा बाजार बुधवारी, पेझनासचा शनिवारी. चंद्रकोरीच्या आकाराचे हिरवेगार ल्युक ऑलिव्ह, पेलार्दों नावाचं बकरीच्या दुधाचं चकतीएवढं चीज, मोसमात जर्दाळू आणि अंजीर, एक लांब पाव. अकरापर्यंत घेऊन टाका, साडेबाराला पालं उठायला लागतात. मग कुणाच्या घड्याळाशी तुमचा संबंध उरत नाही.

सकाळी काय, संध्याकाळी काय

सँ-गिलेम सकाळीच. सम्राट शार्लमेनच्या नात्यातल्या गिलेम नावाच्या सरदाराने ८०४ साली इथे मठ स्थापला. स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट, आणि त्या वाटेचा भाग म्हणून १९९८ पासून मठ जागतिक वारशात आहे. मठाच्या आतल्या ओवऱ्यांपुढे उभं राहिलात की काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. खरंच हरवलंय: राज्यक्रांतीनंतर कोरीव खांब विकले गेले आणि आज त्यांतले कितीतरी न्यूयॉर्कच्या संग्रहालयात उभे आहेत. गावातल्या दारांवर सूर्यफुलासारखं वाळलेलं काटेरी फूल ठोकलेलं दिसेल, ते कार्दाबेल. हवेत दमटपणा आला की मिटतं, म्हणून जुनी माणसं त्यावरून पाऊस ओळखायची. उन्हाळ्यात गाडी खाली सैतानाच्या पुलाजवळ ठेवून फुकट बसने वर जा. हा पूल अकराव्या शतकातला, दोन मठांच्या साधूंनी मिळून बांधलेला. दुपारी त्याच्याच खालच्या काठावर नदीत पाय सोडून बसता येतं. पुलावरून उडी मारणारी पोरं दिसतील, त्यांचं अनुकरण नको.

विलनव्हेटला अर्धा तास पुरतो: सतराव्या शतकातली राजाश्रयाची कापड गिरणी, कामगारांच्या घरांसकट, १९५४ साली बंद पडली. वेशीवर ‘श्रमाचा सन्मान’ अशा अर्थाची अक्षरं आहेत. मुरेझच्या डोलोमाइटच्या सुळक्यांत तास-दीड तास चाला, बुटांना पकड हवी.

पेझनासला जाल तर तिथली दोऱ्याच्या रिळासारखी दिसणारी छोटी भरलेली पेस्ट्री बघा. आत गोडसर, लिंबाच्या सालीचा वास असलेलं मटण. १७६८ च्या सुमाराला प्लासीचा तोच रॉबर्ट क्लाइव्ह इथे मुक्कामाला होता आणि पाककृती त्याच्या आचाऱ्यांकडून गावाला मिळाली, असं इथे सांगतात. बंगालच्या लुटीवर गबर झालेल्या माणसाची आठवण एखादं गाव मिठाईसारखी जपतं, हे मला दर वेळी टोचतं. पण पाहुण्यांना मी ती गोष्ट सांगतेच.

सालागू आणि सेल

तलाव शेवटच्या संध्याकाळी ठेवा. सुमारे सातशे हेक्टर पाणी, आणि भोवती विटेसारखी लाल माती, तिला इथे ‘रूफ’ म्हणतात. रंग लोहाचा, वय पंचवीस कोटी वर्षांहून जास्त. मधूनमधून काळा बसाल्ट डोकावतो. कोकणातली लाल वाट आणि घाटावरचा काळा कातळ एका नजरेत दिसल्यासारखं होतं. पावसानंतर ही माती बुटांना गोळ्या-गोळ्यांनी चिकटते. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, तलावाकाठच्या वाहनतळांवर काचा फुटतात.

तलाव नैसर्गिक नाही. १९६० च्या दशकात सिंचनासाठी आणि पुराला आळा घालायला धरण बांधलं. सेल नावाचं काठावरचं गाव बुडणार म्हणून सरकारने घरं ताब्यात घेतली, माणसं उठवली. आणि पाणी गावाच्या खालीच थांबलं. ठरलेली वरची पातळी कधी भरलीच नाही. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात पळसदेव गेलं, उन्हाळ्यात देवळाचं शिखर वर येतं आणि जुनी माणसं ते बघायला जातात. इथे उलट झालं: गाव कोरडं राहिलं आणि माणसं गेली. घरांची छपरं ढासळली. आता ग्रामपालिका एकेक घर पुन्हा उभं करते आहे. कोयनेच्या विस्थापितांपैकी एक काकू माझ्यासोबत आल्या होत्या, त्या तिथल्या एका रिकाम्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिल्या. इथे हळू बोला, पडक्या भिंतींवर चढू नका.

दोन खबरदाऱ्या. उन्हाळ्यात वारा जोरात असला तर वणव्याच्या भीतीने रानवाटा बंद करतात, त्या दिवशी आत शिरू नका आणि काडीही पेटवू नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर समुद्रावरची दमट हवा सेव्हेन नावाच्या डोंगररांगेला अडते आणि काही तासांत महिन्याचा पाऊस कोसळतो. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर नदीकाठ आणि पाण्याखाली जाणारे लहान पूल टाळा.

सेलहून निघताना अंधार पडलेला असेल. परतीच्या रस्त्यावर रानडुकरं आडवी येतात, वेग चाळीसच्या वर नेऊ नका.