स्प्रिंगवरचा चारा कसा भिजवावा: रोहू, कटला आणि सायप्रिनस गरवणाऱ्यांसाठी

धरणावर गरवायला बसलेल्या कुणालाही ‘चाऱ्यात काय घातलंय?’ म्हणून विचारा, तो मसाल्यांची यादी ऐकवेल. एकांगी (एक सुगंधी मुळी), भाजलेली मेथी, बडीशेप, वेलची, व्हॅनिला इसेन्स आणि शिवाय एक गुपित, जे सांगायचं नसतं. पाणी किती घातलं हे मात्र कुणी सांगत नाही, कारण ते कुणी मोजलेलंच नसतं. माझं म्हणणं सरळ आहे: मसाल्याने फार तर उन्नीस-बीस होतं, मासा लागतो किंवा हुकतो तो पाण्याच्या मापावर. म्हणून या लेखात बाकी सगळं थोडक्यात आणि भिजवणं सविस्तर. स्प्रिंग म्हणजे मधून नळी असलेलं तारेचं वेटोळं; त्यावर चाऱ्याचा गोळा दाबतात, तो पाण्यात सुटतो आणि माशाला गळावरच्या आमिषापाशी आणतो.

आधी परवानगी. महाराष्ट्रातले बहुतेक जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदारांना दिलेले असतात. काठावर चौकशी करा, जे काही शुल्क असेल ते भरा आणि त्यांच्या जाळ्यांपासून लांब बसा.

कुठला मासा कुठे खातो एवढं डोक्यात पक्कं हवं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो पाण्याच्या वरच्या थरात फिरतो आणि कल्ल्यांतल्या बारीक कंगव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरातला, झालरीसारख्या ओठांनी वनस्पती खुडणारा, पण चारा पडला की तळाशी येतो. मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळाचेच. सायप्रिनसला मिशा असतात आणि तो चिखलात तोंड खुपसून खातो. यांतल्या एकाच्याही जबड्यात दात नाहीत, दात असतात घशात. त्यामुळे हे मासे आमिष चावत नाहीत. तोंडात ओढतात, चाचपतात, काही खटकलं की फुंकून बाहेर टाकतात. हे सगळं तुमच्या हाताला कळायच्या आत होऊन जातं. गळाची बांधणी त्यासाठीच वेगळी लागते.

सामानावर फार खर्च करू नका. नऊ ते बारा फुटांची काठी, बरं ड्रॅग (मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक) असलेलं रीळ, ०.३० ते ०.३५ मिमीचा तंगूस (गळाची नायलॉन दोरी). गळ रोहू-सायप्रिनससाठी ६ किंवा ८ नंबरचा, मोठ्या कटल्यासाठी ४ (आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं). गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. ओरखडा उठला तर ठीक, घसरलं तर गळ फेकून द्या.

दुकानात मिळणाऱ्या तयार स्प्रिंगला पाच-सहा गळांचा घोस लोंबत असतो. तो घेऊ नका, घेतलाच तर चार गळ कापून टाका. मासा तोंडाने एका गळाला लागतो आणि सुटायच्या धडपडीत उरलेले गळ त्याच्या डोळ्यात, पोटात रुततात. दोन गळ भरपूर झाले. मी बहुतेक वेळा एकच लावतो.

स्प्रिंग तंगुसाला पक्की बांधायची नाही. तंगूस तिच्या मधल्या नळीतून आरपार जाऊ द्या, खाली फिरकी (गरगर फिरणारी छोटी कडी) बांधा, आणि फिरकीला तीन-चार इंचांच्या मऊ, विणलेल्या दोऱ्यावर गळ. फिरकी हलकेच अडकून राहावी म्हणून नळीच्या टोकाला सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा चढवायचा. वजनामुळे गळ रुततो, पण वर कुठे तंगूस तुटलाच तर फिरकी रबरातून निसटते आणि स्प्रिंग तुटक्या टोकावरून घसरून जाते. पक्क्या बांधलेल्या स्प्रिंगचं ओझं घेऊन फिरणारा मासा कुठल्यातरी झुडपात अडकून मरतो.

आता आमिष. गळाच्या वाकात दाणा खुपसायचे दिवस गेले. १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी दाणा गळाबाहेर केसावर टांगायची युक्ती काढली. सुरुवातीला तो खरोखर माणसाचा केस होता, आज बारीक दोरा चालतो. गळ उघडा राहतो, दाण्यामागोमाग तोंडात जातो, आणि मासा फुंकायला लागला की खालच्या ओठात रुततो. बांधायचं असं: दोऱ्याच्या टोकाला छोटा फास करा. दोरा गळाच्या टोकाच्या उलट बाजूने डोळ्यात घाला आणि गळाच्या दांड्याला लागून खाली सोडा. लांब बाजूने दांडा आणि केस दोन्हींवर सहा-सात वेढे घ्या आणि ते टोक पुन्हा त्याच उलट बाजूने डोळ्यातून काढा. दाणा गळाच्या वाकाखाली तीन ते पाच मिलिमीटर लोंबला पाहिजे. दाणा ओवायला बारीक क्रोशाची सुई, अडवायला खराट्याच्या काडीचा तुकडा.

दाणा म्हणजे मका किंवा काबुली चणा. चणे रात्रभर भिजवून अर्धा तास उकळा, सुका मका पूर्ण दिवसभर भिजवून तितकाच वेळ. बोटांनी दाबल्यावर दबला पाहिजे, फुटता कामा नये. अर्धकच्चा दाणा पाण्यात टाकू नका, तो माशाच्या पोटात फुगतो. गळाच्या वजनाने दाणा चिखलात रुतत असेल तर जुन्या हवाई चपलेचा गव्हाएवढा तुकडा कापून दाण्यासोबत ओवा. दाणा तळापासून किंचित उचलला जातो आणि ओढला की चटकन तोंडात जातो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे चारा. दोन काठ्यांना दिवसभर पुरेल असं प्रमाण: भुईमुगाची पेंड कुटून एक किलो, टोस्टचा चुरा एक किलो, मक्याचं पीठ अर्धा किलो, गव्हाचा कोंडा दोन मुठी. पेंडीला हिरवी-काळी बुरशी दिसली तर ती वापरू नका, गुरांनाही घालू नका. कणीक आणि मैदा चिकटवतात, कोंडा आणि टोस्ट सुटे करतात. सगळे घटक या दोन गटांत टाकायला शिकलात की दुसऱ्या कुणाची पाककृती लागत नाही. एकांगी घालायची तर चमचाभर घाला. बंगालमधले गळवाले ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि मला तिचा वास आवडतो. मासा तिच्यासाठी येतो असं मात्र मी म्हणणार नाही.

भिजवण्याने मला सगळ्यात जास्त रडवलं, कारण जो तो ‘कणकेसारखं मळ’ म्हणून सांगायचा. कृपा करून मळू नका. मळलं की पिठाला चिवटपणा येतो, स्प्रिंगवर सुंदर गोळा बसतो आणि तो तासाभराने तसाच्या तसा बाहेर येतो. गळ आत, मासा बाहेर. काठावर बसून ‘आज मासा खात नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची स्प्रिंग ओढून बघितली तर गोळा शाबूत असतो.

पाणी किलोला साधारण अर्धा लिटर, पण हे माप फक्त सुरुवातीचं. पेंड किती जुनी, टोस्ट किती कडक, हवा किती कोरडी यावर ते बदलतं. म्हणून सगळं पाणी एकदम ओतायचं नाही. पसरट घमेल्यात कोरडं पीठ एकत्र करा. जलाशयाचंच पाणी घ्या आणि ठरलेल्यापैकी निम्मं बोटांनी शिंपडत, पीठ वर-खाली करत मुरवा. मग वीस मिनिटं हात लावू नका. हा वीस मिनिटांचा टप्पा लोक गाळतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. टोस्ट आणि मका पाणी सावकाश पितात. आता बरोबर वाटणारं पीठ वीस मिनिटांनी कोरडं ठणठणीत झालेलं असतं, आणि तसाच गोळा लावला तर तो पाण्याखाली उरलेलं पाणी पिऊन फुगतो आणि वेळेआधी फुटतो.

वीस मिनिटांनी उरलेलं पाणी तसंच शिंपडत घाला, पण पुरतं संपवायलाच पाहिजे असं नाही. मग सगळं पीठ तांदळाच्या चाळणीतून हाताने घासून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण सोडू नका. गाठी आतून कोरड्या असतात. एक गाठ स्प्रिंगवर आली की गोळा त्या बाजूने आधी तडकतो. चाळलेलं पीठ हातात रव्याच्या लाडवाच्या मिश्रणासारखं लागलं पाहिजे: मोकळं, ओलसर, एका मुठीत वळणारं आणि अंगठ्याने दाबताच भसकन फुटणारं.

मुठीवर विश्वास ठेवून थांबू नका. बिस्किटाची पारदर्शक बरणी सोबत न्या, जलाशयाच्या पाण्याने भरा, स्प्रिंगवर गोळा दाबा आणि बरणीत सोडून घड्याळ लावा. तळावरच्या माशासाठी पहिली दोन मिनिटं काहीही व्हायला नको, कारण फेकणं, आपटणं आणि बुडणं एवढं त्याला सोसायचं असतं. तिसऱ्या मिनिटाला कडा झडायला लागतात, बारीक कण वर उठतात. पाच-सहा मिनिटांत दाणा मोकळा दिसतो आणि आठ-दहात स्प्रिंग उघडी पडते. दहानंतरही गोळा तसाच असेल तर कोंडा आणि टोस्ट वाढवा. दुसऱ्याच मिनिटाला कोसळला तर हातावर पाणी घेऊन शिंपडा आणि जास्त घट्ट दाबा. थंडीत मासा सावकाश खातो, तेव्हा दोन-तीन मिनिटं उशिरा सुटणारा चारा चालतो आणि एकूण चाराही कमी लागतो.

जास्त ओलं झालं तर वर कोरडं पीठ टाकून सावरायला जाऊ नका. बाहेरून बरं दिसतं, आत चिखल राहतो. तो चारा वेगळा काढा, सुरुवातीला हाताने फेकायच्या गोळ्यांत वापरा, आणि स्प्रिंगसाठी नवा भिजवा. दुपारचं ऊन-वारं चढलं की घमेल्यातलं पीठ पाऊण तासात बदलतं. ओलं फडकं झाका आणि तासाला एकदा बरणीची परीक्षा पुन्हा घ्या. सकाळी मासे देणारा चारा दुपारी का चालत नाही याचं उत्तर पुष्कळदा तुमच्या घमेल्यात असतं.

कटल्याचा हिशोब उलटा. त्याला तळावरचा गोळा नको, पाण्यात तरंगणारा ढग हवा. मोठ्या फ्लोटखाली तीन ते पाच फुटांवर स्प्रिंग टांगा. चाऱ्यात पेंड कमी करून डाळ्याचं बारीक पीठ आणि थोडी दूध पावडर घ्या, पाणी कमी ठेवा, हलक्या हाताने दाबा. बरणीत सोडताच धूर निघायला हवा आणि तीन-चार मिनिटांत अर्धा गोळा संपायला हवा. त्यामुळे स्प्रिंग सारखी भरावी लागते. ज्याला हा व्याप नको त्याने कटल्याच्या मागे लागू नये. इथे दाण्याऐवजी चपलेचाच बारीक तुकडा चाऱ्यात दाबून लावला तरी चालतो, ढग गाळताना कटला तोही ओढतो.

जागा शोधायला नुसतं शिसं फेकून हळू ओढा. चिखल शिसं धरून ठेवतो, मुरूम आणि दगड काठीत कटकट पोचवतात. उजनीसारख्या जलाशयात, जिथे भीमेकाठची गावं आणि शेतं बुडाली आहेत आणि पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तिथे तळाला जुने बांध आहेत. बांधाच्या पायथ्याशी खाणं साचतं आणि सायप्रिनस, मृगळ तिथून फिरतात. जागा सापडली की फेकण्यापुरता तंगूस रिळाच्या क्लिपमध्ये अडकवा, म्हणजे प्रत्येक फेक तेवढ्याच अंतरावर पडते; फेक पडली की तो मोकळा करा. सुरुवातीला संत्र्याएवढे आठ-दहा गोळे हाताने टाका, पुढे दर वीस मिनिटांनी स्प्रिंग भरून त्याच जागी.

उजनीत चिलापीचा (तिलापिया माशाचा) त्रास होणारच. बारीक टुकटुक सुरू झाली की समजा चिलापी दाणा कुरतडतेय. मऊ मका काढून कमी उकडलेला, पण पूर्ण भिजलेला चणा लावा. चाऱ्यातलं बारीक पीठही कमी करा.

टुकटुकीला झटका देऊ नका. अशा बांधणीत मासा स्वतःच स्वतःला अडकवतो. काठी एकदम वाकली आणि रीळ सुटायला लागलं की उचला, झटका न देता. ड्रॅग आधीच सैल ठेवा आणि काठी खुंटीला बांधून ठेवा, मोठा सायप्रिनस काठी ओढून नेतो.

काठाशी आणल्यावर हातजाळीत डोक्याकडून घ्या. सायप्रिनसच्या पाठीवरच्या आणि गुदपराच्या पहिल्या काट्याला करवतीसारखे दात असतात, ते जाळीत अडकतात. ओढाओढ केली तर जाळी फाटते नाहीतर बोट. जाळी पाण्यातच ठेवून मागच्या बाजूने काटा सोडवा. मासा परत सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या वाळूवर ठेवू नका. आणि कुठलाही जिवंत मासा एका तळ्यातून दुसऱ्यात नेऊन सोडू नका.

उरलेला चारा काठावर ओतून येऊ नका, तिथे तो आंबतो आणि दुसऱ्या दिवशी मासा फिरकत नाही. इसेन्स घातलेला नसेल तर गुराखी आनंदाने नेतो. स्प्रिंग मात्र तिथेच खळखळून धुवा. वाळलेली पेंड तारेत सिमेंटसारखी बसते आणि पुढच्या वेळी नवा गोळा नीट धरत नाही.