पावसाळ्यातलं लॉन: लव्हाळा, शेवाळ आणि युरिया

लव्हाळा उपटू नका. पात हातात येते, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि पुन्हा फुटते. तो तीन-चार पानांवर असताना हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के हे तणनाशक, १०० चौरस मीटरला ०.९ ग्रॅम, ५ लिटर पाण्यातून फवारा. वजन डिजिटल काट्यावरच करा, चिमटीने नको. फवारणी उघडीप बघूनच. आधी-नंतर दोन दिवस कापणी नको. लव्हाळा वाळायला दोन-तीन आठवडे लागतात, लगेच दुसरा हात मारू नका.

शेवाळावर हिराकस (फेरस सल्फेट): चौरस मीटरला ५ ग्रॅम, लिटरभर पाण्यात. काळं पडलं की दाताळ्याने ओढा. फरशीवर थेंब उडाले तर गंजाचे डाग पडतात. पाणी साचतच राहिलं तर शेवाळ परत येणारच.

युरिया १०० चौरस मीटरला १ किलो, पाती कोरडी असताना. लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर गवत करपतं.