निःशुल्क हेल्पलाइनवरून स्थानिक मदत कशी मिळवावी : कोल्हापूरकरांसाठी

एकट्या राहणाऱ्या वडिलांच्या सोबतीला दिवसभर कुणीतरी हवे असते, किंवा मुलगा विचारत नाही म्हणून आईला चरितार्थासाठी अर्ज करायचा असतो. अशा वेळी कोल्हापुरातला माणूस आधी गल्लीतल्या तालमीत जातो. तालमीची पोरे मदतीला धावतात, रात्री दोन वाजता रक्त द्यायलासुद्धा येतात. पण कोणते काम कोणत्या कचेरीत होते, हे त्यांना ठाऊक असतेच असे नाही. ही माहिती फोनवर फुकट मिळते आणि ती मिळवण्याची एक रीत आहे.

अमेरिकेत १९९७ साली अटलांटा शहरात २११ हा क्रमांक सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. घरभाड्याची अडचण असो वा म्हाताऱ्या माणसाच्या जेवणाची सोय, लोक तिथे हाच एक क्रमांक फिरवतात. आपल्याकडे कामागणिक क्रमांक वेगळा आहे, त्यामुळे आपले काम कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’ आहे. ती सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत चालते. तिथे वृद्धाश्रम, दवाखाने, घरी येऊन सांभाळ करणारी माणसे, निवृत्तिवेतन आणि कायद्याच्या वाटा यांची माहिती मिळते. बेवारस किंवा छळ सोसणाऱ्या वृद्धासाठीही तिथे सांगता येते. माझ्या मते या सगळ्या क्रमांकांत सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरला जाणारा क्रमांक हाच आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवेसाठी १५१०० आहे. स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत मिळताना उत्पन्नाची अट नसते. मन फार खचले असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ वर रात्रंदिवस मराठीत बोलता येते. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि विजेच्या तक्रारीसाठी १९१२ आहे. जीव धोक्यात असेल तर मात्र माहिती विचारत बसू नये, थेट ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा.

आता पत्त्याविषयी, कारण निम्मे फोन इथेच अडखळतात. १०८ चा फोन पुण्यातल्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला ‘अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळून आत’ म्हटलेले कळावे, ही अपेक्षा धरता येत नाही. एकदा शेजारच्या आजींसाठी एका सेवेला फोन करताना मी सवयीने ‘बावड्यात’ असे म्हणालो. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारले, “तालुका गगनबावडा ना?” आजी कसबा बावड्यात होत्या आणि गगनबावडा तिथून पन्नासएक किलोमीटर लांब, घाटमाथ्यावर आहे. चूक तिची नव्हती, माझी होती. शिरोली म्हणाल तर हातकणंगले तालुक्यातली पुलाची शिरोली आणि करवीरमधली शिरोली दुमाला अशा दोन आहेत. चिखली करवीरमध्ये आहे, कागलमध्ये आहे आणि पिंपरी-चिंचवडमध्येसुद्धा आहे. म्हणून जिल्हा, तालुका, गाव किंवा पेठ, मग गल्ली, मग ठळक खूण, अशा उतरत्या क्रमाने आणि पिनकोडसह पत्ता सांगावा. तो आधीच कागदावर लिहून ठेवला तर घाबरलेल्या माणसालाही वाचून दाखवता येतो.

चंदगड, शिरोळ किंवा कागलच्या सीमेलगत मोबाइलने पलीकडचा टॉवर पकडला, तर हे लहान क्रमांक कर्नाटकातल्या केंद्रात लागू शकतात. पलीकडून कानडी ऐकू आली म्हणून फोन ठेवून देऊ नये. ‘महाराष्ट्र, कोल्हापूर जिल्हा’ एवढे आधी स्पष्ट सांगावे आणि फोन महाराष्ट्राकडे जोडून देण्याची विनंती करावी.

फोन लागल्यावर घराण्याचा इतिहास सांगू नये. कोणासाठी फोन केला आहे, त्या व्यक्तीचे वय काय, अडचण कोणती आणि ती कधीपासून आहे, एवढे चार वाक्यांत सांगून नेमकी मागणी करावी. ‘आमच्या आईचं काहीतरी करा’ यापेक्षा ‘आईला चरितार्थासाठी अर्ज करायचा आहे, तो कुठे द्यायचा आणि सोबत कोणती कागदपत्रे लागतात’ असे विचारले तर उत्तरही नेमके येते. या उदाहरणात आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे अर्ज आपल्या उपविभागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात द्यावा लागतो, आणि आईला स्वतः जमत नसेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्तीही तो देऊ शकते. फोन ठेवण्यापूर्वी तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव आणि पुढे कोण, कधी संपर्क करणार, हे लिहून घ्यावे. पुढचा फोन बहुधा दुसराच माणूस उचलतो. तक्रार क्रमांक जवळ नसला, तर सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

पावसाळ्यासाठी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ लक्षात ठेवावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सुतारवाडा, आंबेवाडी किंवा प्रयाग चिखलीत आजारी माणूस घरात असेल, तर पाणी ३९ फुटांकडे सरकू लागताच फोन करावा, कारण २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाहिल्याप्रमाणे रस्ते बंद झाल्यावर नावेशिवाय पर्याय उरत नाही. हा क्रमांक जिल्ह्यापुरता आहे. मुंबई-पुण्यातल्या मुलांनी तिथून तो फिरवल्यास त्यांच्याच जिल्ह्याचा कक्ष लागेल, तेव्हा कोल्हापूरच्या कक्षाचा ०२३१ ने सुरू होणारा पूर्ण क्रमांक त्यांनी जूनपूर्वीच घेऊन ठेवावा.

इंटरनेटवर शोधून सापडलेल्या अनोळखी मोबाइल क्रमांकावर विसंबू नये. खरी हेल्पलाइन ओटीपी मागत नाही, नोंदणीचे पैसे मागत नाही आणि मोबाइलमध्ये कोणतेही ॲप घ्यायला लावत नाही. अशा फोनवर पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावे. जितका उशीर होईल, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी दिनदर्शिकेशेजारी जाड अक्षरांत १४५६७, १०८ आणि ११२ लिहून त्याखाली वरच्या क्रमाने घरचा पत्ता लिहावा. आपत्कालीन क्रमांक सरावासाठी लावू नयेत. निवृत्तिवेतनाची एखादी खरीखुरी शंका असेल तर दुपारच्या निवांत वेळी त्यांनाच १४५६७ लावू द्यावा आणि आपण शेजारी गप्प बसून राहावे.