गायरान राखायचंय? आधी शेळीवाल्यांना विचारा

तारेचं कुंपण, रोपं, फलक हे सगळं मागाहून. आधी तलाठ्याकडून गायरानाचा सातबारा काढा, नकाशा घ्या आणि लगतच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन हद्दीवरून चाला. बांध कुणी आत सरकवलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं भांडत बसू नका, हद्दीवर चुन्याची फक्की मारून पुढं व्हा. गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यावरचा राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय झेरॉक्स करून पिशवीत ठेवा. पुढचं बोलणं ते कागद करतात.

खरी अडचण शेळ्यांची. गायरानावर पोट असतं ते बिनशेतीवाल्याचं, आणि ग्रामसभेत हात वर करतात बागायतदार. आमच्या माणदेशात तर मेंढरं दिवाळीनंतर बाहेर पडतात, पावसाच्या तोंडावर परततात. १ मेच्या ग्रामसभेत चराईबंदी केलीत तर धनगरवाडा गावात नसतानाच निर्णय झाला! मग आषाढात रात्री कळप आत शिरला तर बोल कुणाला लावणार? म्हणून ठराव १५ ऑगस्टला करा, अंमल पुढच्या पावसाळ्यापासून. त्याआधी शेळ्या राखणाऱ्या बायकांच्या ओट्यावर जाऊन बसा. कुठल्या महिन्यात कुठला तुकडा लागतो, ते त्याच सांगतील.

सगळं गायरान एकदम बंद करू नका. एक तृतीयांश राखा, बाकी मोकळं. पाण्याची वाट तर कधीच अडवू नका. राखलेल्यात जनावर नाही, विळा चालेल, घरटी एकच. पवन्या, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात आली की कापा, वाळल्यावर त्यात दम राहत नाही. टोकदार कुसळांचं कुसळी गवत त्याही आधी काढा, नाहीतर मेंढरांच्या तोंडात टोचतं. थोडा पट्टा बी झडायला सोडायचा.

दंड पैशात नको, असं माझं ठाम मत आहे. पैसेवाला नोट फेकतो आणि गुरं चारतो. पाणी मुरवायला उतारावर आडव्या खणलेल्या समतल चरातला गाळ काढायला लावा, पाटलाच्या पोरालासुद्धा.

गवत वाळायला लागलं की वणवा आत येऊ नये म्हणून भोवतीनं जाळपट्टा काढा, होळीची वाट बघू नका. राखणदार नेमाल तो शेळीवाल्या घरातलाच नेमा. कुणाची शेळी कुठून आत येते हे त्याला दिसायच्या आधीच कळतं.