मानसशास्त्र आणि समुपदेशनातलं करिअर: फी भरण्याआधी चौकशी कशी करावी

"मैत्रिणी मन मोकळं करायला माझ्याकडेच येतात, म्हणून मला सायकॉलॉजी घ्यायचंय." बारावीनंतर या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी हे वाक्य फार वेळा असतं. त्यात गैर काही नाही, ऐकून घेण्याची सवय इथे लागतेच. पण मैत्रिणीला "सोडून दे त्याला" असं सांगून आपण मोकळे होतो, समुपदेशकाला तसं करता येत नाही. त्याला तासभर लक्ष देऊन ऐकायचं असतं, नंतर नोंदी लिहायच्या असतात आणि निर्णय मात्र समोरच्याच्याच हातात ठेवायचा असतो. हे आपल्याला झेपेल का आणि त्यासाठी नेमकं काय शिकावं लागेल, याच्या चौकशीला दोन-तीन महिने द्यावेत. चुकीच्या अभ्यासक्रमात अडकलं तर याहून कितीतरी जास्त वेळ जातो.

पायरी १: दारावरच्या पाट्या वाचायला शिका

बोलताना आपण सगळ्यांनाच "सायकॉलॉजिस्ट" म्हणतो. प्रत्यक्षात या पाट्यांमागचं शिक्षण वेगवेगळं असतं, आणि पालकांचा गोंधळ उडतो तो इथेच.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा आधी डॉक्टर असतो: एमबीबीएस, त्यावर सायकिअ‍ॅट्रीतलं एम.डी. किंवा तत्सम पदव्युत्तर शिक्षण. औषधं लिहून देण्याचा अधिकार त्याचा. हा रस्ता 'नीट' परीक्षेतून जातो, त्यामुळे अकरावीत जीवशास्त्र सोडलं की तो तिथेच अवघड होऊन बसतो. मानसशास्त्रात पीएच.डी. करून नावामागे 'डॉ.' लावता येतं, पण त्या 'डॉ.'ने औषधाची चिठ्ठी लिहिता येत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसिक आजारांच्या निदानात भाग घेतो, चाचण्या करतो, मानसोपचार देतो. बुद्धिमापनाच्या चाचण्या हा या कामाचा मोठा हिस्सा आहे, आणि त्यात महाराष्ट्राचं योगदान जुनं आहे. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, ती आजही 'बिने-कामत' म्हणून वापरात आहे. मलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी तयार झाली नागपुरात. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी किंवा परीक्षेतल्या सवलतीसाठी मूल ज्या टेबलासमोर बसतं, तिथे अशाच चाचण्या चालतात.

समुपदेशकाकडे येतात ते परीक्षेचा ताण, नवरा-बायकोतला दुरावा, जवळच्याचा मृत्यू, नोकरीतली घुसमट असे प्रश्न. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्करचं शिक्षण समाजकार्यातलं असतं. पेशंट घरी गेल्यावर घरचे त्याला कसं वागवतील, तो पुन्हा कामावर जाईल का, औषधाला पैसे कुठून येतील, ही बाजू तो सांभाळतो. माझ्या मते या कामाबद्दल मुलांना सगळ्यात कमी सांगितलं जातं, आणि ज्यांना माणसांच्या घरापर्यंत जायला आवडतं त्यांनी आधी याचाच विचार करावा.

याखेरीज औद्योगिक, क्रीडा, शैक्षणिक अशा शाखा आहेत. वेब सिरीज पाहून फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायची म्हणणाऱ्यांनी न्यायवैद्यक प्रयोगशाळांच्या भरतीच्या जाहिराती वर्षभर पाहाव्यात. किती जागा निघतात ते आपोआप कळेल.

पायरी २: काम चालतं त्या जागा पाहा

समुपदेशनाचं सत्र बघायला मिळणार नाही, तसा हट्टही धरू नये. तिथली गुप्तता हा येणाऱ्याचा हक्क आहे. पण भोवतालचं पुष्कळ काही पाहता येतं.

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था आहे. सरकारी रुग्णालयांत एचआयव्ही तपासणीच्या केंद्रावर समुपदेशक असतो, कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतो. पोलीस यंत्रणेतला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे टिसने, १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला आणि तो पुढे इतरत्र पसरला. तिथे बसणारी सोशल वर्कर मार खाऊन आलेल्या बाईशी बोलते, तेही समुपदेशनच. वातानुकूलित खोली आणि मऊ सोफा हे या क्षेत्राचं एक चित्र झालं. विशेष कक्षातलं लाकडी बाक हे दुसरं, आणि सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा अशा बाकांशेजारीच असतात.

स्वयंसेवक म्हणून आत शिरायचं असेल तर पुण्यात आत्महत्या प्रतिबंधासाठी काम करणाऱ्या 'कनेक्टिंग'सारख्या संस्था ऐकण्याचं प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक घेतात. व्यसनमुक्तीत रस असेल तर १९८६ पासून चाललेलं पुण्याचं 'मुक्तांगण' आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात उभी केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था 'वेध' नावाची व्यवसायपरिषद भरवते, तिथे वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांच्या जाहीर मुलाखती होतात. त्या नुसत्या ऐकायला गेलं तरी चालेल. आधी दूरध्वनी करून, कोणत्या दिवशी आलं तर सोयीचं होईल ते विचारून जावं.

शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तिच्यातही समुपदेशक नेमले जातात. करिअरच्या चौकशीसाठी मात्र तो नंबर फिरवू नका. त्या वेळी खरोखर अडचणीत असलेलं कोणी रांगेत असू शकतं.

ओळखीतून एखाद्या समुपदेशकाची भेट मिळाली तर "सर, स्कोप आहे का?" हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर "आहे" एवढंच येतं. त्यापेक्षा विचारा: कालचा दिवस कसा गेला? किती तास माणसांशी बोलण्यात आणि किती लिखाणात? पहिली नोकरी कुठे लागली, पगार किती होता? तुमच्या कामावर देखरेख कोणाची? कोणते लोक तुम्ही स्वतः न पाहता दुसऱ्याकडे पाठवता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "मी सगळंच पाहते" असं म्हणणाऱ्या मॅडमचा सल्ला जरा जपून घ्यावा. त्यांचा तास म्हणजे त्यांची कमाई असते, म्हणून वीस मिनिटं मागा, आणि फी विचारली तर वाईट वाटून घेऊ नका.

पायरी ३: कागद तपासा

हा भाग कंटाळवाणा आहे, आणि फसवणूक याच्याच आधाराने होते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. हिलाच सगळे आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद आहे, आणि नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास त्या कायद्यात शिक्षेची तरतूद आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते, कोणाची नोंदणी आहे तेही तिथे पाहता येतं. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, या यादीत नाव शोधा. एखाद्या पदवीच्या नावात 'क्लिनिकल सायकॉलॉजी' हे शब्द असले, तरी तिला परिषदेची मान्यता असेलच असं नाही. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन पदव्यांपैकी एकीने नोंदणी मिळते, दुसरीने नाही.

आजवरचा ठरलेला रस्ता असा होता: मानसशास्त्रात बी.ए., मग एम.ए., मग क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही रुग्णालयात. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था ही त्यासाठीची जुनी नावं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोनच विषयांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंत प्रवेशाची मुदत दिली. त्याच्या जागी परिषदेने चार वर्षांची ऑनर्स पदवी, क्लिनिकल सायकॉलॉजीतलं एम.ए. आणि 'साय.डी.' ही डॉक्टरेट असे टप्पे आणले आहेत. म्हणजे पाच वर्षांपूर्वी शिकलेल्या ताईने सांगितलेला रस्ता आज तसाच उरलेला नाही. ताईचा अनुभव जरूर ऐका, नियम मात्र त्या वर्षीचेच वाचा.

समुपदेशकांसाठी असं एकच नोंदणीपुस्तक आजवर नव्हतं, आणि पंधरवड्यात 'प्रमाणित समुपदेशक' बनवणारे वर्ग याच मोकळ्या जागेत उगवले. २०२१ च्या संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय कायद्यात क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आले आहेत, त्यामुळे चित्र हळूहळू बदलेल. एक बदल तर लगेच जाणवला. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून मानसशास्त्रासारखे विषय दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवू नयेत, असं आयोगाने विद्यापीठांना बजावलं. नोकरी किंवा संसार सांभाळून टपालाने एम.ए. करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा होती, त्यांना याचा फटका बसला. निर्णयाचं कारण समजण्यासारखं आहे, पण तालुक्याच्या गावातल्या बाईसाठी दुसरी सोय काय, याचं उत्तर कोणी दिलेलं नाही. कोणी आजही "घरबसल्या सायकॉलॉजी एम.ए." विकत असेल, तर आधी आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा.

प्रवेशाआधी कॉलेजला हे प्रश्न लेखी, म्हणजे ईमेलवर विचारा: या पदवीने कोणती नोंदणी मिळते? प्रत्यक्ष काम किती तासांचं आणि कोणत्या रुग्णालयात किंवा शाळेत? त्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीची पात्रता काय? मागच्या तुकडीतले विद्यार्थी कुठे आहेत? उत्तर न देता "या, समोरासमोर बोलू" असा फोन आला, तर तोही एक प्रकारचा खुलासाच समजा.

पायरी ४: विषय थोडा चाखून पाहा

बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं ई-बालभारतीवर मराठीत मिळतात. विज्ञान शाखेतल्या मुलांनीही ती एका सुट्टीत वाचून काढावीत. मग इंग्रजीतली एनसीईआरटीची. इग्नूचं पदवी पातळीचं साहित्य ई-ज्ञानकोशावर मोफत आहे, त्यातला संख्याशास्त्राचा भाग मुद्दाम उघडून बघा. प्रमाण विचलन, सहसंबंध, प्रयोगाची रचना या गोष्टी बी.ए.पासूनच येतात. "गणित नको म्हणून सायकॉलॉजी" असं ठरवणाऱ्यांची गाडी इथे रुतते.

भाषेचाही विचार करा. पुढचं बहुतेक शिक्षण इंग्रजीत असतं, पण समोर येणारा माणूस "छातीत धडधडतं", "कशात जीव लागत नाही", "डोक्यात नुसता कालवा चालतो" असंच सांगणार. पुस्तकातलं लक्षण या बोलीत ओळखता येणं, आणि आपला प्रश्न त्याच बोलीत विचारता येणं, ही कमाई आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी घरात बोलली जात असेल तर ती लपवायची गोष्ट नाही.

शक्य असेल तर स्वतःही एखाद्या समुपदेशकाकडे काही सत्रं जाऊन या. मोठा प्रश्न असायला हवा असं नाही, "या क्षेत्रात यावं का, ठरत नाही" हाही चालतो. अनोळखी माणसासमोर मनातलं बोलताना काय होतं, ते तिथेच कळतं. गुप्ततेची मर्यादाही तिथे विचारून घ्या. उदाहरणार्थ, बालकांच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. मूल "कोणाला सांगू नका" म्हणत असताना तो फोन करावा लागतो. हे आपल्याला जमेल का, याचा विचार आधीच केलेला बरा.

पायरी ५: वर्षांचा आणि पैशांचा हिशेब मांडा

बारावीनंतर स्वतंत्रपणे काम करायला लागेपर्यंत समुपदेशकाची साधारण पाच-सहा वर्षं जातात, क्लिनिकलची सात किंवा अधिक. अनेक सरकारी प्रकल्पांतली पदं कंत्राटी असतात. खासगी प्रॅक्टिस जम धरायला वेळ घेते, आणि त्या काळात खोलीचं भाडं, पुढची प्रशिक्षणं, ज्येष्ठांच्या देखरेखीची फी चालूच राहते. घरच्यांसमोर हा हिशेब पहिल्याच दिवशी ठेवावा. दुसऱ्या बाजूला, मागणी वाढते आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा, असा निर्देश दिला. शाळा तो किती मनापासून पाळतील हे वेगळं. पण लहान मुलांसोबत काम करायचं असेल तर जवळच्या शाळांत अशी नेमणूक झाली आहे का, ते विचारून या.

चाळिशीत वळायचं असेल तर

शिक्षिका, नर्स, बँकेतून लवकर निवृत्त झालेले, मुलं मोठी झालेल्या गृहिणी असे पुष्कळ जण या वाटेची चौकशी करतात. त्यांनी आधी ठरवावं की पेशा हवा आहे की काम. पेशा हवा असेल तर वरचा सगळा रस्ता त्यांनाही चुकत नाही, फक्त नियमित कॉलेजच्या वेळा जमवाव्या लागतील. काम हवं असेल तर दार बरंच उघडं आहे. गोव्यातली 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून आहे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट प्रशिक्षण आणि सततची देखरेख दिली, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्याच्या रुग्णांना खरोखर उपयोगी पडतात, हे तिच्या अभ्यासांतून दिसलं आहे. त्यात देखरेख ही अट आहे, आणि "मी समुपदेशक" अशी पाटी लावणं त्यात बसत नाही. हेल्पलाइन, व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट यांना असे हात हवे असतात. आठवड्यातले कोणते दोन दिवस, किती तास देता येतील, ते आधी ठरवा आणि मगच संस्थेला फोन करा.