तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर काय करायचं

बूथवर गेलात आणि पोलिंग ऑफिसर म्हणाला की तुमचं मतदान तर झालंय, तर तसंच घरी परत येऊ नका प्लीज. सरळ केंद्राध्यक्षांकडे जा, ओळखपत्र दाखवा आणि ठामपणे सांगा की मला टेंडर्ड वोट द्यायचंय, म्हणजे प्रदत्त मत. निवडणूक संचालन नियमांमधला नियम ४९पी आहे त्यासाठी. ते तुम्हाला काही प्रश्न विचारतील, उत्तरं पटली की मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर मत द्यायला मिळतं, आधी फॉर्म १७बी वर, म्हणजे अशा मतांच्या यादीवर, सही करायची, मग ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत हे मत धरत नाहीत हे खरंय, पण निकाल कोर्टात गेला तर तेच पुरावा ठरतं, म्हणून द्याच.

वोटर कार्ड हरवलंय? यादीत नाव असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट यातलं एक चालतं, नुसती वोटर स्लिप चालत नाही.

आणि ऑफिसवरून लोकलने धावतपळत येणाऱ्यांनो, मतदान संपायच्या वेळेला तुम्ही रांगेत असाल तर मत द्यायचा हक्क आहेच, रांगेतल्यांना चिठ्ठ्या वाटतात, ती घेतल्याशिवाय हलू नका. खरं तर त्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळायला हवी, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५बी, एचआरला आधीच विचारून ठेवा. काही अडलं तर मतदार हेल्पलाइन १९५० ला फोन लावा.