बारीक आट्यांसाठी मशीन टॅप कसा निवडावा

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या लहान कारखान्यांतून इतवारीतल्या टूलच्या दुकानात जाणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘एम १० चा मशीन टॅप’ एवढेच लिहिलेले असते. (टॅप म्हणजे होलच्या आत आटे पाडणारे हत्यार आणि एम १० म्हणजे १० मिमी व्यासाचा मेट्रिक आटा.) त्या चिठ्ठीवर दुकानदार १.५ मिमी पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर), म्हणजे जाड आट्याचा टॅप देतो आणि त्यात त्याची चूक नसते, कारण मेट्रिक आट्यांत पिच लिहिलेला नसेल तर जाड आटा धरावा असाच नियम आहे. म्हणून बारीक आटा हवा असेल तर ड्रॉइंगवर, चिठ्ठीवर आणि टॅपच्या पेटीवर ‘एम १० × १’ किंवा ‘एम १० × १.२५’ असे पूर्ण माप लिहिण्याची सवय आधी लावून घ्यावी.

याच मापाजवळ आणखी एक फसगत होते. पाइपचा जी १/८ हा आटा बाहेरून ९.७२८ मिमी व्यासाचा आणि ०.९०७ मिमी पिचचा असतो. नुसत्या डोळ्यांना तो एम १० × १ सारखाच दिसतो आणि फिटिंग दोन-तीन फेरे बसतेही, परंतु त्याचा कोन ५५ अंशांचा आहे, मेट्रिकचा ६० अंशांचा. नमुना पाहून टॅप आणायचा असेल तर व्हर्नियर आणि पिच गेज दोन्ही लावून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

जाड आट्याच्या आणि बारीक आट्याच्या टॅपिंगमधला खरा फरक माझ्या मते असा आहे. जाड आट्यात निवड चुकली तर बहुधा टॅप तुटतो आणि चूक तिथल्या तिथे दिसते. बारीक आट्यात टॅपवर भार कमी येतो, तो सहसा शाबूत राहतो, पण आटा नकळत सैल होत जातो आणि ते लक्षात येईपर्यंत जॉबची पेटी भरलेली असते. एम १० × १ च्या आट्याची उंची जेमतेम ०.५४ मिमी असते, एम १० × १.५ ची ०.८१ मिमी. ६एच या नेहमीच्या बसणीत, म्हणजे आतल्या आट्याच्या मापाला दिलेल्या सुटीत, एम १० × १ च्या पिच व्यासाला (आटा आणि खाच सारख्याच रुंद असतात तिथला व्यास) ९.३५० ते ९.५०० मिमी, म्हणजे एकूण ०.१५ मिमी जागा मिळते आणि त्यातला काही भाग नव्या टॅपचे स्वतःचे मापच घेते. टॅप अक्षाच्या दिशेने ०.०५ मिमी जरी ओढला किंवा ढकलला गेला, तरी आट्याचा एक उतार तासला जाऊन पिच व्यास सुमारे ०.०९ मिमीने वाढतो. उरलेली जागा तेवढ्यातच संपते.

हे मी हिंगण्याच्या एका शेडमध्ये प्रत्यक्ष पाहिले आहे. ईएन ८ या मध्यम कार्बन स्टीलच्या हायड्रॉलिक ब्लॉकवर एम १० × १ ची ब्लाइंड, म्हणजे आरपार नसलेली, होल, आटा १४ मिमी खोल, टॅप नवा आणि ६एच चा. आटा पुरेसा मोठा आहे का हे पाहणारे गो गेज तळापर्यंत सहज गेले, पण आटा सैल नाही ना हे पाहणारे नो-गो गेज, जे दोन फेऱ्यांपेक्षा पुढे जाता कामा नये, ते पाच फेरे आत गेले. आम्ही टॅपला दोष दिला, दुसरा आणला, तरी तोच निकाल. अखेर एक ब्लॉक होलच्या मधोमध कापून भिंगाखाली धरला, तेव्हा आट्याचा एक उतार गुळगुळीत चमकत होता, दुसरा ओरखडलेला होता आणि आट्याचा शेंडा एका बाजूने पातळ झालेला होता. टॅप ४० अंशांच्या पिळाचा होता, म्हणजे त्याच्या फ्लूट (चिप, म्हणजे धातूचा कीस, निघण्याच्या खाचा) पिळलेल्या होत्या, त्यामुळे तो स्वतःला स्क्रूसारखा आत ओढत होता, आणि फ्लोटिंग होल्डरची, म्हणजे टॅपला पुढे-मागे सरकू देणाऱ्या पकडीची, स्प्रिंग इतकी कडक होती की ती त्याला मोकळेपणाने जाऊ देत नव्हती. त्याच होल्डरवर एम १० × १.५ चे काम वर्षानुवर्षे बिनतक्रार झाले होते, म्हणून कोणाला त्याची शंका आली नव्हती. स्प्रिंग मऊ केली, फीड, म्हणजे टॅप आत सरकवण्याचा वेग, हिशेबाच्या ९७ टक्क्यांवर आणला आणि नो-गो दीड फेऱ्यावर थांबू लागले.

म्हणून निवडीची सुरुवात टॅपपासून न करता होल आणि मशीन यांच्यापासून करावी. होल आरपार असेल तर स्पायरल पॉइंटचा, म्हणजे पुढच्या टोकाला तिरपी खाच असलेला सरळ फ्लूटचा टॅप घ्यावा. तो चिप पुढे ढकलतो, फ्लूटमध्ये गर्दी होत नाही, आणि तो स्वतःला आत ओढत नसल्यामुळे बारीक आट्याला विशेष मानवतो. डीआयएन या जर्मन मानकाच्या भाषेत त्याचे तोंड ‘बी’ प्रकारचे असते आणि त्यात साडेतीन ते साडेपाच आटे निमुळते असतात. होल ब्लाइंड असेल तर चिप वर यायला हवी, म्हणून स्पायरल फ्लूटचा, दोन ते तीन आटे निमुळते असलेला ‘सी’ तोंडाचा टॅप लागतो. मात्र ४० अंशांचा पिळ तेव्हाच घ्यावा जेव्हा होल खोल आहे, चिप लांब निघते आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मशीनवर) रिजिड टॅपिंगची, म्हणजे फेरे आणि फीड मशीननेच जुळवून ठेवण्याची, सोय आहे. होल उथळ असेल आणि साधा फ्लोटिंग होल्डर असेल तर १५ अंशांच्या आसपासचा कमी पिळाचा टॅप मला अधिक भरवशाचा वाटतो. होलच्या तळाशी जागा नाही म्हणून दीड-दोन आटे निमुळते असलेला ‘ई’ तोंडाचा टॅप मागवण्याचा मोह होतो. पण बारीक पिचमध्ये ‘सी’ तोंडाची लांबीच एम १० × १ ला २ ते ३ मिमी असते, त्यामुळे ‘ई’ ची गरज क्वचितच पडते आणि त्याच्या प्रत्येक दातावर भार मात्र जास्त येतो.

धातूनुसार निवड त्यानंतर येते आणि ती तुलनेने सोपी आहे. बीड (कास्ट आयर्न) आणि पितळ यांची चिप तुटून भुग्यासारखी पडते, म्हणून त्यांना सरळ फ्लूटचा टॅप पुरतो. बीड टॅपला घासून झिजवते, त्यासाठी थोड्या मोठ्या मापात बनवलेला ६एचएक्सचा टॅप मिळाला तर तो जास्त दिवस चालतो. माइल्ड स्टील आणि ईएन ८ साठी कोबाल्ट असलेला एचएसएस-ई, म्हणजे हायस्पीड स्टीलचा, टॅप घ्यावा. स्टेनलेस स्टीलला तोच, पण वाफेची काळी प्रक्रिया केलेला किंवा टीआयसीएन (टायटॅनियम कार्बोनायट्राइड) कोटिंगचा घ्यावा, म्हणजे धातू टॅपला चिकटत नाही. ॲल्युमिनियमला टीआयएएलएन (टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड) कोटिंग नको. पॉलिश केलेल्या फ्लूटचा, बिनकोटिंगचा टॅप तिथे उत्तम काम देतो. लहान कारखान्याकडे पैसे मोजके असतील तर महागड्या कोटिंगपेक्षा आधी चांगला होल्डर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मऊ, ताणला जाणाऱ्या धातूंसाठी फॉर्मिंग टॅपचाही जरूर विचार करावा. तो धातू कापत नाही, दाबून आटा उठवतो, त्यामुळे चिप निघतच नाही आणि वर सांगितलेले उतार तासले जाणेही होत नाही. त्याला होल मोठे लागते, एम १० × १ ला सुमारे ९.५५ मिमी, आणि ते माप फार काटेकोर ठेवावे लागते. बीडाला तो कधीही लावू नये. शिवाय दाबलेल्या आट्याच्या माथ्यावर बारीक खाच राहते आणि काही ग्राहकांना ती चालत नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे.

कापणाऱ्या टॅपसाठी ड्रिलचे माप काढण्याचा साधा हिशेब व्यासातून पिच वजा करण्याचा आहे: एम ८ × १ ला ७.०, एम १० × १ ला ९.०, एम १२ × १.५ ला १०.५ मिमी. एम १० × १ च्या आतल्या व्यासाची ६एच मर्यादा ८.९१७ ते ९.१५३ मिमी आहे. ड्रिल स्वतःच्या मापापेक्षा थोडे मोठे होल पाडतेच, त्यात पेटीत ९.० चे नाही म्हणून ९.२ चे ड्रिल लावले तर टॅप लागण्याआधीच जॉब बाद झालेला असतो. ड्रिलची खोली ठरवताना आट्याची खोली, टॅपच्या तोंडाची लांबी आणि शिवाय दोन मिमी मोकळी जागा धरावी. १४ मिमी आट्याला १९ मिमी ड्रिल पुरते.

खरेदीच्या वेळी शँककडे, म्हणजे टॅपच्या पकडायच्या दांड्याकडे, लक्ष द्यावे. जाड आट्याचा एम १० टॅप डीआयएन ३७१ चा असतो, त्याची शँक १० मिमी आणि चौकोन ८ मिमीचा. बारीक आट्याचा एम १० × १ बहुधा डीआयएन ३७४ चा मिळतो, त्याची शँक ७ मिमी आणि चौकोन ५.५ मिमीचा. जवळचे टॅप कोलेट (होल्डरमध्ये शँक पकडणारा भाग) त्याला बसत नाही आणि ऐन वेळी कागद किंवा पत्रा गुंडाळून तो बसवला जातो. असे बसवलेला टॅप डगमगत फिरतो आणि त्याने पाडलेले आटे मोठेच होतात. टॅपबरोबर त्याचे कोलेट मागवणे हाच यावर उपाय आहे.

फीडचा हिशेब फेऱ्या गुणिले पिच इतकाच आहे. स्टीलला मिनिटाला १० मीटर वेग धरला तर १० मिमीच्या टॅपला सुमारे ३२० फेरे येतात आणि एम १० × १ चा फीड ३२० होतो. जुन्या एम १० × १.२५ च्या प्रोग्रामची नक्कल करताना ४०० चा फीड तसाच राहणे ही नेहमी होणारी चूक आहे, म्हणून पहिला जॉब लावण्यापूर्वी ती एक ओळ मोठ्याने वाचावी.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा कूलंटच्या (टॅप गार ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणाच्या) टाकीतले पाणी उडून मिश्रण घट्ट होते, मग कोणीतरी अंदाजाने बादलीभर साधे पाणी ओततो आणि ते गरजेपेक्षा पातळ होते. टॅपिंगला ८ ते १० टक्के मिश्रण असावे आणि उन्हाळ्यात ते रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने) पाहावे. स्टेनलेस स्टीलला शक्य असेल तिथे निव्वळ कटिंग ऑइलच वापरावे.

पहिला जॉब दोन्ही गेजने तपासावा आणि पुढे ठरावीक अंतराने तपासत राहावे. नो-गो आत जाऊ लागले तर होल्डर, फीड आणि टॅपची डगमग आधी तपासावी, टॅप बदलण्याची घाई करू नये. गो गेजच अडू लागले, होल धुऊन, चिप काढूनही अडले, तर टॅप झिजला आहे असे समजून तो उतरवावा आणि त्याने किती होल केली तो आकडा त्याच्या पेटीवर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या टॅपला किती होलांनंतर उतरवायचे ते आधीच ठरवता येते.